खानेसुमारीतील तिसरा रकाना

रत्नागिरी जिल्ह्यात शास्त्री नदी जेथे समुद्रास मिळते, तेथे खाडीच्या दक्षिणेकडील टेकाडावर जयगडचा किल्ला उभा आहे. तटावर उभे राहिले म्हणजे एका बाजूस अरबी समुद्र, दुसऱ्या बाजूस खाडीचे पाणी व पलीकडे तवसाळची किनारपट्टी असा देखावा दिसतो. विजापूरकरांच्या अमदानीत सोळाव्या शतकात बांधलेला हा किल्ला पुढे संगमेश्वरच्या नाईकांकडे, आंगऱ्यांकडे, पेशव्यांकडे व अखेर १८१८ मध्ये इंग्रजांकडे गेला. किल्ल्याच्या नावाविषयी गावात एक आख्यायिका सांगतात. बांधकाम पुन्हा पुन्हा ढासळू लागले, तेव्हा जयबा नावाच्या तरुणाने स्वतःचा बळी देऊ केला. त्यास पायात घेऊन तट उभा राहिला आणि किल्ल्यास त्याचे नाव मिळाले. अशा आख्यायिका पुष्कळ किल्ल्यांच्या आहेत व त्यांतील इतिहास किती हे सांगणे कठीण. परंतु आज आम्ही ज्या विषयावर लिहीत आहो, त्याचा विचार करिताना ही गोष्ट आम्हांस वारंवार आठवली. तिचे कारण अखेरीस सांगू.

विषय आहे सरकारी गणतीचा. मनुष्य स्वतःस पुरुष मानतो, स्त्री मानतो, की ह्या दोहोंहून वेगळा समजतो. आणि त्याचे प्रेम भिन्नलिंगी व्यक्तीकडे वळते की समलिंगी व्यक्तीकडे. हे प्रश्न सरकारने आपल्या खानेसुमारीत व पाहण्यांत विचारावे किंवा नाही, असा हा वाद आहे. सुशिक्षित घरांतूनही पुष्कळांस तो मुंबईपुण्याच्या चार लोकांचा किंवा परदेशातून आलेला वाटतो. आमचा ह्या समजुतीस इतिहासाच्या आधारे विरोध आहे. सरकार हे प्रश्न गेली दीडशे वर्षे ह्या ना त्या रूपाने विचारीतच आले आहे. उत्तर कोणत्या वहीत लिहावयाचे व त्या वहीचा उपयोग कशासाठी करावयाचा, एवढेच काळानुसार बदलत गेले.

इंग्रजी राज्यापूर्वी देशावर हिजड्यांची नोंद होत असे ती हक्कदार म्हणून. (हा शब्द आज शिवीसारखा वापरला जातो, आम्ही तो जुन्या कागदांतील शब्द म्हणूनच योजीत आहो.) मराठी राज्यात त्यांच्यापैकी काहींस जमिनी, रोख नेमणुका व ठराविक गावांतून भिक्षा मागण्याचा वंशपरंपरेचा हक्क होता, आणि ही वंशपरंपरा गुरुशिष्यांची होती. ही स्थिती सन्मानाची होती असे आम्ही म्हणत नाही. समाजाने त्यांस एका कोपऱ्यात ठेविले होतेच. तथापि तो कोपरा दप्तरात लिहिलेला होता. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास मुंबई सरकारने इनामांची छाननी चालविली, तेव्हा असले हक्क पुढे चालविण्यास ते नाखूष झाले. भिक्षेच्या हक्कास सरकारने पाठबळ देणे हे सुधारलेल्या राज्यास शोभत नाही, असा त्यांचा विचार पडला. अशा रीतीने पहिली वही मिटली.

दुसरी वही उघडली ती उत्तर हिंदुस्थानात. १८६० च्या दंडसंहितेतील ३७७ व्या कलमाने ‘निसर्गक्रमाविरुद्ध’ संबंध हा गुन्हा ठरविला होता. त्यानंतर १८७१ मध्ये गुन्हेगार जमातींचा कायदा झाला. ह्या कायद्याचा पहिला भाग आपल्याकडे फासेपारध्यांसारख्या जमातींमुळे ठाऊक आहे. दुसरा भाग मात्र फारच थोड्यांच्या वाचनात असतो. तो सर्वस्वी हिजड्यांविषयी होता. ज्यांच्यावर मुले पळविण्याचा, खच्ची करण्याचा किंवा ३७७ व्या कलमाखालील गुन्ह्याचा वाजवी संशय असेल, अशांची नावे, राहण्याची ठिकाणे व मालमत्ता ह्यांचे रजिस्टर ठेवावे असे त्यात होते. नोंद झालेल्या व्यक्तीने स्त्रीवेषात रस्त्यावर वावरणे किंवा गाणेनाचणे करणे हाच गुन्हा ठरला व त्यास दोन वर्षांपर्यंत कैद सांगितली. त्यांस मृत्युपत्र करण्याची मोकळीक राहिली नाही, दत्तक घेता येईना, सोळा वर्षांखालील मुलगा घरी ठेविता येईना. वायव्य प्रांतातील अधिकाऱ्यांनी आपला हेतूही लपविलेला नाही. हा वर्ग हळूहळू नामशेष व्हावा अशीच त्यांची इच्छा होती.

हा भाग मुंबई इलाख्यास लागू नव्हता व १९११ च्या नव्या कायद्यात तो वगळण्यात आला, हे खरे आहे. परंतु त्याचा धडा सर्व देशास लागू आहे. गणती ही स्वभावतः उपकारक असते असे नाही. ज्यास नाहीसे करावयाचे, त्यासही आधी मोजावे लागते. म्हणूनच आज जे लोक म्हणतात, “आमची नोंद करू नका”, त्यांस भित्रे म्हणण्यापूर्वी १८७१ चे रजिस्टर डोळ्यांपुढे आणावे.

त्याच दशकात तिसरी वही आली. १८७२ मध्ये पहिली खानेसुमारी झाली आणि १७ फेब्रुवारी १८८१ च्या रात्री सर्व देशाची एकाच वेळी मोजणी झाली. ह्या गणतीचा आवाका खरोखर थक्क करणारा होता. धर्म, जात, धंदा, भाषा, जन्मस्थान, अंधत्व, बहिरेपण, महारोग, वेड अशा कितीतरी रकान्यांत मनुष्य विभागला जाई. त्या रात्री जो बंदरात गलबतावर असेल तोही सुटू नये अशी तजवीज होती. म्हणजे जयगडासारख्या बंदरात नांगरून पडलेल्या परगावच्या खलाशासही सरकारच्या हिशेबात जागा होती. परंतु लिंगाचे रकाने दोनच. जे ह्या दोहोंत बसत नसत, त्यांस पुढे पुरुष म्हणून लिहावे अशी सूचना गणकांस देण्याचा प्रघात पडला आणि तो स्वातंत्र्यानंतरही चालू राहिला. सारांश, पोलिसांच्या वहीत जो माणूस ठळक अक्षरांत दिसे, तो लोकसंख्येच्या वहीत दिसेनासा झाला. शिक्षेच्या वेळी वेगळा आणि हिशेबाच्या वेळी एकजात पुरुष, अशी ही व्यवस्था होती.

प्रेमाच्या दिशेचा प्रश्न तर कोणत्याच सरकारी वहीत नव्हता. तो एका खाजगी मासिकात मात्र विचारला जात होता, आणि ते मासिक मराठी होते. र. धों. कर्वे ह्यांचा जन्म १८८२ मध्ये रत्नागिरी जिल्ह्यातच, मुरूड येथे झाला. गणिताच्या ह्या प्राध्यापकाने जुलै १९२७ मध्ये ‘समाजस्वास्थ्य’ सुरू केले व नोव्हेंबर १९५३ पर्यंत तोट्यात चालविले. वाचक त्यांस पत्रे लिहीत आणि कर्वे त्यांची उत्तरे छापीत. जे बापाजवळ, वैद्याजवळ किंवा मित्राजवळ बोलता येत नव्हते, ते ह्या पत्रांतून येई. १९३४ मध्ये हस्तमैथुन व समलिंगी संबंध ह्यांविषयीच्या उत्तरांवरून त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला. त्यांचे वकीलपत्र डॉ. बाबासाहेब आंबेडकर ह्यांनी घेतले. त्यांचे मूळ गाव आंबडवे हेही ह्याच जिल्ह्यातले. लोक प्रश्न विचारतात, तर त्यांस शास्त्रीय उत्तर देणे हा गुन्हा कसा, असा डॉक्टरांच्या युक्तिवादाचा रोख होता. खटला ते हरले व कर्व्यांस दोनशे रुपये दंड झाला. परंतु त्या पत्रव्यवहाराने एक गोष्ट सिद्ध झाली. आपल्याकडे असे लोक नाहीत, हे म्हणणे खोटे होते. विचारणारा विश्वासू भेटला नव्हता, एवढेच.

आता अलीकडच्या काळाकडे वळू. २००९ मध्ये निवडणूक आयोगाने मतदारयादीत ‘इतर’ अशी नोंद करण्याची मुभा दिली आणि २०११ च्या जनगणनेत लिंगाच्या प्रश्नास प्रथमच तिसरा सांकेतिक अंक मिळाला: पुरुष १, स्त्री २, इतर ३. देशभरात ४,८७,८०३ जणांची नोंद ‘इतर’ ह्या सदरात झाली. उत्तर प्रदेशात १,३७,४६५, महाराष्ट्रात ४०,८९१, बिहारात ४०,८२७. एकशे एकवीस कोटींच्या देशात हे प्रमाण दहा हजारांत चार इतकेच पडते. तथापि ह्या आकड्यांनी पहिल्यांदाच काही ठोस सांगितले. देशातील साक्षरता सुमारे ७४ टक्के असता ‘इतर’ सदरातील साक्षरता ५६ टक्क्यांच्या आसपास होती. शाळेतून मूल का गळते, घरातून का निघते, ह्या प्रश्नांस ह्यामुळे प्रथमच सरकारी आधार मिळाला.

परंतु आकडा वाचण्यासही एक शिस्त लागते. ह्या पावणेपाच लाखांहून अधिक नोंदींत सहा वर्षांखालील ५४,८५४ मुले आहेत. चार वर्षांचे मूल स्वतःविषयी असा निवाडा करीत नाही. तेथे कोणीतरी दुसऱ्याने उत्तर दिले आहे, किंवा लिहिणाऱ्याने चूक केली आहे. उलटपक्षी कितीतरी प्रौढ माणसांनी, विशेषतः कुटुंबात राहणाऱ्यांनी, पुरुष किंवा स्त्री असेच लिहविले असले पाहिजे. जनगणना खात्यानेही हे सदर म्हणजे तृतीयपंथी लोकांची नेमकी संख्या नव्हे, असे बजावले होते. शिवाय नेहमीच्या तक्त्यांत ‘इतर’ हे पुन्हा पुरुषांतच मिळविले गेले. रकाना उघडला, पण बेरजेच्या वेळी जुनीच वाट धरली गेली.

रत्नागिरी जिल्ह्याचेच उदाहरण घ्या. २०११ मध्ये येथील लोकसंख्या १६,१५,०६९ होती व दर हजार पुरुषांमागे १,१२२ स्त्रिया होत्या. सबंध महाराष्ट्राचे प्रमाण ९२९ होते. कोकणाबाहेरील मनुष्य हा आकडा पाहून येथे मुली अधिक जन्मतात असे समजेल. कोकणातल्या माणसास ठाऊक आहे की हा मुंबईस गेलेल्या चाकरमान्यांचा हिशेब आहे. म्हणजे आकडा खरा असूनही त्याचा अर्थ गाव जाणणाऱ्यासच कळतो. त्याचप्रमाणे एखाद्या तालुक्यात ‘इतर’ सदराखाली थोडीच माणसे दिसली, तर तेथे तशी माणसे थोडी आहेत, की ती गाव सोडून दूर शहरी वस्तीत गेली आहेत, की गावातच गप्प आहेत, हे आकडा स्वतः सांगत नाही.

रकाना चुकीच्या जागी उघडला म्हणजे काय होते, हे बिहारने २०२३ मध्ये दाखविले. त्या राज्याने आपली जातवार पाहणी केली, तेव्हा तृतीयपंथीयांचा समावेश जातींच्या यादीत एक स्वतंत्र अंक देऊन करण्यात आला. ज्याची जात एक आहे व लिंगओळख दुसरी, त्याने दोहोंतून एक निवडावी अशी ही अडचण होती. प्रकरण न्यायालयापर्यंत गेले. पाहणीचे आकडे २ ऑक्टोबर २०२३ रोजी प्रसिद्ध झाले, त्यांत सबंध राज्यात ८२५ तृतीयपंथी निघाले. बारा वर्षांपूर्वी त्याच राज्यात ४०,८२७ होते. एवढ्यांवर कोणती महामारी कोसळली नव्हती. प्रश्न बदलला, तेव्हा माणसे अदृश्य झाली. २०२४ च्या लोकसभा निवडणुकीच्या मतदारयादीतही देशभरात तृतीयपंथी मतदार सुमारे ४८ हजारच होते. आता ह्या तीन आकड्यांपैकी एखादा हाती धरून जो कोणी योजना आखील, तो निवडलेल्या आकड्याप्रमाणे उदार किंवा कृपण ठरेल.

ह्या प्रश्नास न्यायाच्या दृष्टीनेही किती महत्त्व आहे, हे ३७७ व्या कलमाच्या खटल्यांतून दिसून आले. २००९ मध्ये दिल्लीच्या उच्च न्यायालयाने दिलेला निकाल सर्वोच्च न्यायालयाने ११ डिसेंबर २०१३ रोजी फिरविला. त्या निकालात एक कारण असे दिले होते की, असे लोक देशाच्या लोकसंख्येचा अत्यल्प अंश आहेत आणि दीडशे वर्षांत दोनशेहूनही कमी लोकांवर खटले झाले आहेत. वास्तविक तोपर्यंत कोणत्याही सरकारी गणतीत हा प्रश्न विचारलाच गेला नव्हता. सरकारने न्यायालयापुढे सुमारे २५ लाख समलिंगी पुरुषांचा जो अंदाज ठेविला होता, तो आरोग्यखात्याने एड्सच्या प्रतिबंधासाठी बांधलेला होता. म्हणजे येथेही माणूस मोजला गेला तो रोगाच्या वहीत. न मोजलेल्यांस अत्यल्प म्हणावयाचे व अत्यल्प म्हणून त्यांचा हक्क नाकारावयाचा, हे तर्कचक्र आम्हांस फार विलक्षण वाटते. सुदैवाने २४ ऑगस्ट २०१७ च्या खाजगीपणाविषयीच्या निकालात सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या पीठासमोर हा विचार टिकला नाही. मूलभूत हक्क संख्येवर अवलंबून नसतो, असे त्यात स्पष्ट झाले. पुढे ६ सप्टेंबर २०१८ रोजी प्रौढांचे परस्परसंमतीचे संबंध गुन्ह्यातून मुक्त झाले. तत्पूर्वी १५ एप्रिल २०१४ च्या निकालाने तृतीयपंथीयांची स्वतः सांगितलेली ओळख मान्य करून त्यांस शिक्षणात व नोकरीत मागासवर्गीय म्हणून सवलती द्याव्या असे सांगितले होते. हक्कास संख्या लागत नाही हे खरे. परंतु शाळा, दवाखाना, निवारा, शिष्यवृत्ती ह्यांस ती लागते, कारण अंदाजपत्रक आकड्यांवाचून होत नाही.

मग प्रेमाची दिशाही जनगणनेत विचारावी काय? इंग्लंड व वेल्समध्ये २१ मार्च २०२१ च्या जनगणनेत सोळा वर्षांवरील लोकांस हा प्रश्न प्रथमच विचारला. उत्तर देणे ऐच्छिक होते. सुमारे १५ लाखांनी, म्हणजे ३.२ टक्क्यांनी, आपण समलिंगी, उभयलिंगी अथवा तत्सम असल्याचे सांगितले; ७.५ टक्के लोकांनी उत्तरच दिले नाही. लिंगओळखीच्या प्रश्नावर २,६२,००० जणांनी आपली ओळख जन्मनोंदीहून निराळी असल्याचे कळविले. परंतु पुढे अभ्यासकांस असे आढळले की, ज्यांस इंग्रजी नीट येत नाही अशांच्या वस्तीत हे प्रमाण संशय यावा इतके अधिक आहे. प्रश्नाची वाक्यरचनाच त्यांस उमगली नसावी. अखेर २०२४ मध्ये तेथील सांख्यिकी खात्याने ह्या आकड्यांवरील आपली पक्की मोहोर काढून घेतली. दोनशे वर्षे गणतीचा सराव असलेल्या देशात एका वाक्याने ही गत झाली, तर आपण किती जपले पाहिजे!

आमच्याकडे तर शब्दापासूनच अडचण आहे. सरकारी कागदांत ‘तृतीयपंथी’ हा शब्द रूढ झाला आहे. काही जण ‘पारलिंगी’ म्हणतात. दक्षिण महाराष्ट्रात यल्लम्मास वाहिलेला जोगता स्वतःस जोगताच म्हणवितो. आणि स्त्री म्हणून जन्मास आलेला पण स्वतःस पुरुष मानणारा मनुष्य ह्यांपैकी एकही शब्द आपला मानीत नाही. समलिंगी प्रेमास घरगुती मराठीत निंदेवाचून शब्द सापडणे आजही कठीण. प्रश्न विचारण्यापूर्वी तो ज्यास विचारावयाचा त्याच्या कानास कसा लागेल, हे पाहिले पाहिजे.

समजा, जयगडच्या एखाद्या वाडीत गणक म्हणून प्राथमिक शिक्षक आले आहेत. जांभ्या दगडाच्या पायऱ्या चढून ते ओटीवर टेकले. यजमान पाणी आणून देतात, आजी दाराशी बसली आहे, शेजारचे दोघे कुतूहलाने उभे आहेत. “घरात माणसं किती?” ह्या प्रश्नास यजमान सर्वांच्या वतीने उत्तर देतात. धाकट्या मुलाचा मुक्काम मुंबईस आहे की घरी, हे सांगतानाही ते क्षणभर अडखळतात. अशा ओटीवर, आपल्याच विद्यार्थ्याविषयी, त्याच्या बापास गुरुजींनी त्या मुलाच्या मनाचा कल विचारावा काय? उत्तर खोटे येईल, आणि खरे आले तर त्या मुलाची त्या घरातली रात्र कशी जाईल हे सांगता येत नाही. १९४८ च्या जनगणना कायद्याने वैयक्तिक माहिती गुप्त ठेविली आहे व ती न्यायालयात पुरावा म्हणूनही चालत नाही. पण कायदा सरकारचे दप्तर झाकतो, ओटी झाकीत नाही.

म्हणून आमचे मत असे आहे. लिंगओळखीचा तिसरा रकाना जनगणनेत असलाच पाहिजे. त्याचे उत्तर शक्य तेथे ज्याचे त्याने द्यावे, आणि तो आकडा पुरुषांत न मिसळता निराळा छापावा. प्रेमाच्या दिशेचा प्रश्न मात्र दारोदार विचारावयाचा नव्हे. तो निवडक नमुना-पाहणीत, एकांतात, नाव न घेता व नाकारण्याच्या पूर्ण मोकळिकीने विचारावा. हे अशक्य नाही. मुंबईच्या देवनार येथील आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्था १९९२-९३ पासून राष्ट्रीय कुटुंब स्वास्थ्य पाहणीचे काम करीत आली आहे. नवऱ्याकडून होणाऱ्या मारहाणीचा प्रश्न ह्या पाहणीत एका घरातील एकाच स्त्रीस, आणि तोही कोणी ऐकत नसल्याची खात्री करूनच विचारला जातो. ज्या देशात हा प्रश्न खेड्यापाड्यांतून विचारता आला व त्याच्या उत्तरांनी डोळे उघडले, तेथे ही रीत दुसऱ्या नाजूक प्रश्नासही लावता येईल. तथापि उत्तर देणारास विश्वास वाटला पाहिजे. आणि विश्वास हा कायद्याने लादता येत नाही, तो मागील वर्तनाने मिळवावा लागतो. १८७१ च्या वहीची आठवण पुसण्यास बरीच वर्षे लागतील.

२०२१ ची लांबलेली जनगणना अखेर ठरली आणि १६ जून २०२५ च्या अधिसूचनेने देशाच्या बहुतेक भागासाठी १ मार्च २०२७ हा तिचा संदर्भदिन नेमला. तीत जातीची गणना होणार म्हणून तिच्याविषयी पुष्कळ चर्चा झाली. तिसऱ्या रकान्याविषयी फारशी कोणी केली नाही. वाचकांस आमची एवढीच विनंती आहे की, गणक दारी आला असता घरातील प्रत्येकास स्वतःचे उत्तर स्वतः देऊ द्यावे. खानेसुमारी हे सरकारचे काम असले, तरी ओटी आपली असते.

आरंभी जयबाची गोष्ट सांगितली. ज्यास पायात घेतले, त्याचे नाव निदान किल्ल्यास दिले गेले, एवढी भलाई त्या आख्यायिकेत आहे. आमच्या लोकसंख्येच्या तक्त्यांत मात्र दीडशे वर्षे कितीतरी माणसे ‘पुरुष’ ह्या रकान्याच्या पायात गेली, आणि त्यांचे नाव कोणत्याही दगडावर नाही. किल्ला बांधून झाला आहे. आता निदान ती नावे विचारावी, आणि ज्यास सांगावयाचे असेल त्याचे ऐकून घ्यावे.